घरचा डॉक्टर आणि त्याची शाळा

श्रोतेहो, परभणीच्या माणसाला पिंगळी ठाऊक नाही असे सहसा होत नाही. परभणी आणि पूर्णा या दोन जंक्शनांच्या मध्ये हे लहानसे स्टेशन लागते. १९०१ साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सिकंदराबादेपासून मनमाडपर्यंत पुरी झाली, त्या रुळांवरचे हे गाव. पण गाडी येण्याच्या किती तरी शतके आधीपासून पिंगळीस एक दगडी बारव आहे. जुन्या बारवांचे वेड असलेली मंडळी अलीकडे ती पाहावयास मुद्दाम येतात आणि तिच्या बांधणीचे कौतुक करतात. आम्हीही गेलो, आम्हीही कौतुक केले. परंतु बारवेच्या पायऱ्या उतरताना आमच्या मनात शिल्पशास्त्राच्या आधी आला तो नारू.

तरुण श्रोत्यांना नारू म्हणजे काय हे सांगावे लागेल, आणि सांगावे लागते हेच मोठे भाग्य आहे. मराठवाड्यातील पायऱ्यांच्या विहिरींनी पिढ्यान् पिढ्या पाणी दिले तसा नारूही दिला. दोन-तीन फूट लांबीची, दोऱ्यासारखी ही कृमी माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर येई. पायाची आग आग होई म्हणून रोगी पाय थंड पाण्यात बुडवी. पाय बुडाला की कृमी आपली हजारो पिले पाण्यात सोडी. ती पिले पाण्यातील डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जीव गिळीत, ते जीव पाण्याबरोबर दुसऱ्या माणसाच्या पोटात जात, आणि सुमारे वर्षाने त्या दुसऱ्याच्या पायाला फोड येई. औषध कोणतेच नव्हते. बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळावयाचे आणि रोज थोडे थोडे, न तोडता, ओढावयाचे. तुटले तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे, आणि हे सारे बहुधा पेरणीच्या तोंडावर.

आता विचार करा. असा रोगी शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेला तर तेथील डॉक्टर पाय पाहील. चांगला डॉक्टर असेल तर पाय चांगला पाहील, पट्टी नीट बांधील. पण बारव त्याला दिसणार नाही. ज्याला रोग वर्षापूर्वी एका पायरीवर लागला त्याचा इलाज त्या पायरीवर होता, आणि ती पायरी फक्त गावात राहणाऱ्या माणसाला दिसत होती. अखेरीस देशातून नारू गेला तो तसाच गेला. १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम चालली, घरोघर रोगी शोधले गेले, पाणी फडक्याने गाळण्यास शिकविले गेले, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा बदलल्या, हातपंप आले. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. एका थेंबाचेही औषध न शोधता गेलेला हा रोग आहे.

आजच्या आमच्या विषयाचा आरंभ या बारवेपासून केला, कारण आम्हांला प्रश्न विचारावयाचा आहे तो डॉक्टरच्या शाळेविषयी. डॉक्टर कोठे शिकतो? ज्याला आपण निवासी डॉक्टर म्हणतो, तो निवास कोठे करतो?

हा शब्दच पाहा. 'रेसिडेंट' हा शब्द आपल्याकडे आला तो अमेरिकेतून. बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ उघडले. तेथे विल्यम ऑस्लर या वैद्यकाच्या थोर आचार्याने शिक्षण व्याख्यानाच्या खोलीतून उचलून रोग्याच्या खाटेपाशी नेले आणि पदवी झालेल्या तरुणांना इस्पितळातच राहावयास लावून एकेक वर्षाने अधिक जबाबदारी देण्याची पद्धत बसविली. इस्पितळात राहतो तो रेसिडेंट. या पद्धतीने वैद्यकाचे जे भले झाले त्याला तोड नाही. पण तिच्यात एक गोष्ट गुपचूप ठरून गेली. शिकण्याची जागा म्हणजे इस्पितळ, आणि इस्पितळात रोग पोचतो तो पिकून पोचतो. घर, विहीर, शेत, चूल, सासू, सावकार ही सारी फाटकाबाहेर राहतात. आमच्याकडील जुना वैद्य आपल्या शिष्याला घरी ठेवून घेई आणि रोग्याच्या दारी बरोबर नेई. त्या पद्धतीतले दोष आम्हांला ठाऊक आहेत. शिष्याच्या वाट्याला गुरूच्या चुकाही निमूटपणे येत. तरीही त्या शिष्याने रोग्याची चूल पाहिलेली असे, एवढे मान्य करावे लागेल.

आपल्या या भागात इंग्रजी पद्धतीचे वैद्यक आले ते मुंबईहून कमी आणि हैदराबादेहून अधिक. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. त्याच्या पाठोपाठ १८४६ साली हैदराबादेस निजामाच्या राज्यात वैद्यकशाळा निघाली. तिचे पहिले शिक्षक डॉ. विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन. विशेष म्हणजे तेथे शिकविणे उर्दूतून होई आणि उत्तीर्ण होणारा विद्यार्थी हकीम म्हणवला जाई. परक्या शास्त्राला देशी भाषेचा अंगरखा घालण्याचा हा प्रयोग इतक्या लवकर झाला, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा तेथेही वैद्यक उर्दूतूनच शिकविण्याचे ठरले, आणि हैदराबादच्या विलीनीकरणानंतर ती माध्यमाची घडी मोडून इंग्रजी आली. परभणी-नांदेडच्या मुलाला डॉक्टर व्हावयाचे तर मनमाडकडे तोंड न करता सिकंदराबादेकडे करावे लागे. मराठी घरातला मुलगा उर्दूत शरीरशास्त्र शिकून येई आणि मराठीत नाडी पाही. मराठवाड्याला स्वतःचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५६ साली, औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात.

त्या आधीचा घरचा डॉक्टर बहुधा पदवीधर नसे. ब्रिटिश हिंदुस्थानात सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला तेव्हा नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते, आणि त्यांपैकी ३०,००० च्या आसपास लायसेन्शिएट, म्हणजे कमी वर्षांचा अभ्यासक्रम केलेले होते. समितीने बहुमताने शिफारस केली की हा कनिष्ठ अभ्यासक्रम बंद करावा आणि देशात एकच, पुरा शिकलेला पदवीधर डॉक्टर तयार करावा. काही सभासदांनी भिन्न मत नोंदविले. त्यांचे म्हणणे असे की खेड्यापर्यंत पोचणारा जो डॉक्टर आहे तोच तुम्ही काढून टाकीत आहात. बहुमताची बाजू आम्हांला समजते. गरिबाला अर्धशिक्षित डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा, ही विभागणी स्वतंत्र देशाला शोभणारी नव्हती. पण भिन्न मत देणाऱ्यांची भीतीही खोटी ठरली नाही. पुरा शिकलेला डॉक्टर तयार झाला आणि तो बहुधा जेथे शिकला तेथेच राहिला.

आमच्या लहानपणचा घरचा डॉक्टर आम्हांला अजून दिसतो. मिश्रणाची बाटली, तिला चिकटवलेली कागदाची कातरलेली पट्टी, प्रत्येक खाचेला एक डोस. कंपाउंडर बाटली हलवून देई आणि बाटली घरून आणली नसेल तर रागावे. डॉक्टर नाडी पाहताना विचारी, थोरलीचे बाळंतपण कोठे झाले, म्हैस विकली की काय, खोकला तुला आहे की आजोबांना. त्याच्या डोक्यात तीन पिढ्यांची वही होती. ती त्याने कोणालाही शिकविली नाही, कारण त्याच्यापाशी शिकावयास कोणी येतच नसे. तो गेला आणि वही त्याच्याबरोबर गेली. हे नुकसान कोणत्याही अहवालात मोजलेले नाही.

या नुकसानीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही केवळ गतकाळाचे गोडवे गातो असे होईल. आमचा एक चुलतभाऊ, वय नऊ वर्षे, साधारण १९७० च्या सुमारास सुगीत कडब्याच्या गंजीपाशी झोपला होता. रात्री त्याला विंचू चावला. आधी उतरवणारा आला. एकनाथ महाराजांच्या भारुडामुळे विंचू सर्व महाराष्ट्राला गाण्यातून परिचित आहे, पण गंजीतल्या लाल विंचवाला भारूड ठाऊक नव्हते. मुलाला ओकाऱ्या झाल्या, सर्वांगाला दरदरून घाम सुटला, हातपाय बर्फासारखे गार पडले. बैलगाडीतून दवाखान्यात नेला. तेथील डॉक्टर भले गृहस्थ होते, झोपेतून उठून आले, इंजेक्शन दिले आणि म्हणाले, विंचवाने कोणी मरत नाही, सकाळपर्यंत ठणका जाईल. पहाटे मुलाला दम लागला, तोंडाला लालसर फेस आला, आणि दिवस उगवण्यापूर्वी सारे संपले. आम्ही त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. शिकविणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. शहरातल्या इस्पितळात असा मुलगा जिवंत पोचतच नसे, म्हणून पुस्तकात तो नव्हता.

तो पुस्तकात आला तो पुढे काही वर्षांनी, आणि ज्यांनी आणला ते आपल्याच मराठवाड्याचे आहेत. डॉ. हिंमतराव बावसकर यांचा जन्म १९५१ साली आताच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यात झाला. घरची गरिबी अशी की मिळेल ते काम करून शिकावे लागले. नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातून ते एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस लागले. तेव्हा तो जिल्हा कुलाबा म्हणवला जाई, रायगड हे नाव १९८१ पासूनचे. आपल्या आयुष्याची कथा त्यांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' या पुस्तकात सांगितली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी वाचावी, म्हणून तिच्यातले प्रसंग आम्ही येथे उगाळीत नाही.

कोकणात लाल विंचू विपुल. डॉ. बावसकर यांच्यापुढे तेच येऊ लागले जे आमच्या चुलतभावाच्या बाबतीत घडले होते. पुस्तकात दिलेली औषधे देऊन पाहिली, माणसे मरतच राहिली. तेव्हा या तरुण डॉक्टरने एक साधी गोष्ट केली, जी अत्यंत अवघड आहे. तो रोग्यापाशी बसून राहिला. चावल्यापासून किती तासांनी ओकारी, किती तासांनी घाम, नाडी केव्हा जलद, रक्तदाब केव्हा चढला आणि केव्हा कोसळला, हे सारे रात्र रात्र जागून लिहून ठेवले. केंद्रात यंत्रे नव्हती. नाडी, हाताचा स्पर्श, रक्तदाबाची पट्टी आणि घड्याळ एवढीच सामग्री.

या जागरणातून निघाले ते असे. ज्याला नुसता ठणका आहे त्याला फारसे भय नाही. ज्याला चावल्यावर ओकारी होते, दरदरून घाम फुटतो आणि हातपाय गार पडतात, त्याचे हृदय पुढे धोक्यात येणार. विष शरीरातल्या मज्जातंतूंना असे काही डिवचते की सर्व रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला प्रचंड दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, ते थकते, आणि फुफ्फुसात पाणी भरते. तोंडाला येणारा तो लालसर फेस म्हणजे हेच पाणी. हे लक्षण-शास्त्र त्यांनी लिहून काढले आणि १९८२ साली इंग्लंडातील 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकाने ते छापले. त्या लेखाचा विषयच धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे हा होता. म्हणजे जे कळावयास मोठे यंत्र लागत नाही, जे खेड्यातल्या कोणत्याही डॉक्टरला बोटांनी कळते, ते.

मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम.डी. केले. म्हणजे ते स्वतःही रेसिडेंट झाले, आणि तो अनुभव त्यांना उपयोगीच पडला. परंतु शिकून ते पुन्हा कोकणातच आले, आणि ही परतफेरी आमच्या मते त्यांच्या आयुष्यातली निर्णायक गोष्ट आहे. रक्तवाहिन्या आवळल्या आहेत तर त्या सैल करणारे औषध द्यावे, हा तर्क. आधी शिरेतून देण्याचे जपून वापरावयाचे औषध झाले. मग प्राझोसीन नावाची, रक्तदाबासाठी बाजारात असलेली साधी, स्वस्त गोळी. ती तोंडाने घेता येते, बर्फात ठेवावी लागत नाही, उपकेंद्राच्या कपाटात मावते. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. प्राझोसीन आल्यावर हे प्रमाण शंभरात एक-दोनावर आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह ते महाडला रोगी पाहत राहिले आणि लिहीत राहिले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्या दोघांनी ७० रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. नुसत्या प्राझोसीनपेक्षा त्याच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रोगी अधिक लवकर बरा होतो, असा तिचा निष्कर्ष. २०२२ साली डॉ. बावसकर यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे ते पुढे. त्यांनी आपले ज्ञान आसपासच्या केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकविले. कोणती लक्षणे दिसली की थांबू नये, पहिली गोळी लगेच द्यावी, रोगी पुढे पाठवावयाचा तर गोळी देऊन पाठवावा. गंगा उलटी वाहिली म्हणा. एरवी ज्ञान मुंबई-पुण्याहून तालुक्याला येते. येथे ते बिरवाडीहून निघाले, लंडनला छापले गेले, आणि मग वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्गांत शिकविले जाऊ लागले.

असे यापूर्वी झालेच नव्हते असे नाही. इंग्लंडात बर्नली नावाच्या कापड-गिरण्यांच्या गावी जेम्स मॅकेन्झी हा घरगुती डॉक्टर १८७९ पासून १९०७ पर्यंत गिरणी कामगारांची घरे पाहत होता. त्याच्या देखरेखीखाली एक बाळंतीण हृदयविकाराने गेली. ते मरण त्याच्या जिवाला लागले आणि त्याने ठरविले की हृदयाचे ठोके वर्षानुवर्षे नोंदून कोणता बिघाड मारतो आणि कोणता निरुपद्रवी आहे हे शोधावयाचे. एकच रोगी वीस वीस वर्षे पाहणे इस्पितळातल्या तज्ज्ञाला शक्य नव्हते, घरच्या डॉक्टरला होते. तो पुढे लंडनला मोठा तज्ज्ञ झाला, आणि कीर्तीच्या शिखरावर असता १९१९ साली स्कॉटलंडातल्या सेंट अँड्रूज गावी त्याने घरगुती डॉक्टरांनी रोगाचा आरंभ अभ्यासावा म्हणून एक संस्था काढली. इस्पितळात रोगाचा शेवट दिसतो आणि घरी आरंभ, हे त्याचे सूत्र. आमच्या मते बर्नली आणि बिरवाडी या एकाच गोत्रातल्या.

शिकविण्याचा प्रश्न मात्र डॉ. बावसकरांपेक्षा निराळ्या बाजूने घेतला तो जामखेडने. जामखेड अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातले, पण बीडच्या सीमेला लागून, म्हणून आपल्याच हवेतले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. १९६० साली विवाह झाला तेव्हाच खेड्यात काम करण्याचा संकल्प त्यांनी केला होता. नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काही वर्षे काम करताना त्यांच्या ध्यानात आले की आज बरे केलेले मूल पुढच्या महिन्यात त्याच जुलाबाने पुन्हा येते. मग ते अमेरिकेला गेले, आणि शेवटी ज्या जॉन्स हॉपकिन्सचा उल्लेख आम्ही मघाशी केला त्याच विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९७० साली परत येऊन जामखेडला काम मांडले. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार मुलांतली १७६ वर्षाच्या आत मरत होती.

आरोळे दांपत्याने प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. तो प्रयोग फसला. बाहेरची तरुण मुलगी गावात एकटी राहणार कशी, आणि गावाने तिचे ऐकावे का? तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई द्यावी असे ठरले. ज्या आल्या त्यांतल्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या. आठवड्यातून त्या जामखेडला येत, रात्री तेथेच राहत, शिकत, गात, आपापल्या गावातले अनुभव एकमेकींना सांगत आणि परत जात. बाळंतपण सुखरूप कसे करावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा. येथे आम्ही थोडे थांबतो. हा निवास कोणाचा? डॉक्टरच्या शाळेत रोग्याच्या घरची बाई निवासी झाली होती. आणि ती घरी परत जात होती, हे तर ऑस्लरच्या पद्धतीलाही साधले नव्हते.

बालमृत्यूचे प्रमाण घसरले, आणि त्याबरोबर जग जामखेडला पाहावयास येऊ लागले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० साली डॉ. रजनीकांत पद्मभूषण झाले. यांतल्याच एक आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. मोठे इस्पितळ दिवाणखान्यातल्या झुंबरासारखे, सुंदर आणि महाग, आणि आपण हातातल्या पणतीसारख्या, एकीने दुसरी लावता येते, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. काम चालू राहिले आणि देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकावयास येत राहिले. पदवी झालेला डॉक्टर चौथी न शिकलेल्या बाईपाशी शिकतो, हे दृश्य जामखेडला नित्याचे झाले.

आमच्या काही डॉक्टर स्नेह्यांना जामखेडची स्तुती फार आवडत नाही. ते म्हणतात, बाईला शिकवा, जरूर शिकवा, पण म्हणून खेड्याला डॉक्टर नको असे सरकारने ठरवू नये. हा आक्षेप खरा आहे. विंचू चावलेल्या मुलाला मुक्ताबाईंची पणतीही हवी आणि बावसकरांची बोटेही हवीत.

आता आपल्या दाराशी येऊ. मराठवाड्यात १९७० च्या दशकाच्या मध्यास अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. 'ग्रामीण' हा शब्द त्याच्या नावातच घातला होता. जिल्ह्याचे ठाणेही नसलेल्या गावी महाविद्यालय काढणे हे त्या काळी धाडस होते, आणि तेथून बाहेर पडलेल्या कित्येकांनी मराठवाड्याच्या तालुक्यांत दवाखाने घातले. नांदेडला १९८८ साली महाविद्यालय झाले, आणि परभणीला, पुष्कळ मागण्या-आंदोलनांनंतर, २०२३ साली. ज्या गावाहून डॉक्टर होण्यास मुलगा हैदराबादची गाडी पकडी, त्या गावी आता डॉक्टर घडणार. याचा आनंद आम्हांला आहेच.

मधल्या काळात दिल्लीलाही या प्रश्नाची जाग आली. घरच्या डॉक्टरचे काम हे एक स्वतंत्र शास्त्र आहे असे मानून 'फॅमिली मेडिसिन' या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला, पण त्याच्या जागा थोड्या राहिल्या. हृदयाचा, हाडांचा, त्वचेचा तज्ज्ञ व्हावयास रांग लागते. कुटुंबाचा तज्ज्ञ होण्यास रांग लागल्याचे आम्ही ऐकलेले नाही, आणि यात मुलांचा दोष आम्ही मानीत नाही. ज्या कामाला मान आणि पगार दोन्ही कमी, तेथे आपला मुलगा पाठवावयास किती बाप तयार आहेत हे श्रोत्यांनी आपल्या मनाला विचारावे. २०२० साली नियम झाला की पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक रेसिडेंट डॉक्टरने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम केले पाहिजे. तीन महिने म्हणजे थोडे नव्हेत. पण जिल्हा रुग्णालय हेही इस्पितळच. तेथेही विंचू पोचतो तो चार तासांनी.

पिंगळीहून परतताना आम्ही स्टेशनावर बराच वेळ बसलो होतो. समोर कापसाची शेते, बाजूला गावाकडे जाणारा रस्ता. परभणी येथून गाडीने फार तर पाव-अर्ध्या तासावर. नव्या महाविद्यालयाच्या मंडळींना आमची एक सूचना आहे, आणि ती आम्ही येथेच जाहीरपणे मांडतो. तीन महिन्यांतले काही आठवडे तरी रेसिडेंट डॉक्टरांनी अशा एखाद्या गावी रात्रीचे राहावे. सुगीचे आणि उन्हाळ्याचे दिवस निवडावेत, कारण विंचू तेव्हा बाहेर पडतो. गावातल्या आशाताईबरोबर सकाळी घरोघर हिंडावे, पाणी कोठून येते ते पाहावे. गावात जो कोणी जुना डॉक्टर अजून हयात असेल त्याच्यापाशी संध्याकाळी बसून त्याच्या डोक्यातली वही उतरवून घ्यावी, त्याला शिक्षक म्हणून मानधन द्यावे, आणि त्या वहीवर परीक्षेत दोन प्रश्न विचारावेत. त्यातला एक प्रश्न विंचवावर असावा, अशी आमची खासगी विनंती आहे.